क्रूस वाहणाऱ्यालाही खांदा हवा
स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी मंडळींना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर जातो. दोन वर्षांपूर्वी असेच एका घरी गेलो होतो. घरातल्या आजींचे वय ऐंशीच्या पुढे आणि त्यांना स्मृतिभ्रंश झालेला. आम्हाला पाहून त्या हसल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "फादर, चहा घेतला का?" आम्ही हो म्हटले. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. पंधरा मिनिटांत तो प्रश्न सात वेळा आला. आम्ही सातही वेळा हसून उत्तर दिले आणि मनातल्या मनात स्वतःच्या सहनशीलतेचे कौतुकही करून घेतले.

निघताना त्यांची सून फाटकापर्यंत आली. म्हणाली, "फादर, तुम्ही सात वेळा उत्तर दिलंत. मी पहाटे चारपासून देते आहे." तिचे डोळे जागरणाने सुजले होते. आम्ही नेहमीचेच बोललो, "ताई, सहन करा. देव बळ देईल." ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बळ आहे, फादर. रविवारी दीड तास कोणी घरी बसेल का, तेवढं सांगा. पाच महिने झाले, मी मिस्सेला आलेली नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर पाच महिने ती बहीण देवळात दिसली नाही, हेही आमच्या ध्यानात आले नव्हते. त्यानंतर आम्ही डॉक्टरांशी बोललो, अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या इतर घरांत जाऊन बसलो, थोडे वाचन केले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे मांडत आहोत.

हे दुखणे नेमके काय आहे?

म्हातारपणी चष्मा कुठे ठेवला ते विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो तेच न कळणे वेगळे. पहिले वयोमानाप्रमाणे होते. दुसरे मेंदूच्या आजाराचे लक्षण असू शकते. स्मृतिभ्रंशाला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर. त्याशिवाय मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आल्याने होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली एका रुग्ण स्त्रीच्या आजाराची माहिती जगापुढे ठेवली आणि पुढे १९१० मध्ये या आजाराला त्यांचे नाव देण्यात आले. दर वर्षी २१ सप्टेंबर हा दिवस जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या देशात ६० वर्षे व त्यापुढील वयाच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिला आहे. एखाद्या धर्मग्रामात साठीच्या पुढची पाचशे माणसे धरली, तर या हिशेबाने सदतीस माणसे होतात. म्हणजे हा दोन-चार घरांपुरता प्रश्न नाही. मात्र पुष्कळ घरांत 'आजी म्हातारी झाली, चळली' एवढे म्हणून विषय संपवला जातो.

येथे पहिली सूचना. विसरण्याची अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, काही औषधांचा परिणाम यांमुळेही माणूस असाच विसरू लागतो आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध नाही, पण काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य ठेवणारी औषधे आहेत. शिवाय आजाराचे नाव कळले की घरातील भांडणे थोडी कमी होतात. 'सासू मुद्दाम छळते' आणि 'सासूच्या मेंदूला आजार आहे' या दोन वाक्यांत घराची शांती अडकलेली असते.

आजाऱ्याची परीक्षा घेऊ नका

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो, तेव्हा जॉन लॉक या इंग्रज विचारवंताचे मत अभ्यासाला होते. सतराव्या शतकातील हा विद्वान म्हणतो की, माणसाची जाणीव आणि आठवण जिथवर पोचते तिथवर तो तोच माणूस. परीक्षेत आम्ही त्यावर चार पाने लिहिली आणि चांगले गुणही मिळवले. पण त्या आजींसमोर बसलो, तेव्हा तो प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. ज्या बाईला स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही, ती त्या मुलाची आई उरली आहे की नाही?

ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. माणसाचे मोल त्याच्या आठवणींवर ठरत नाही. देवाने त्याला निर्माण केले आणि त्याचे नाव देवाला ठाऊक आहे, एवढे पुरेसे आहे. साधा विचार केला तरी हे पटते. आपल्यापैकी कोणालाही आपले पहिले वर्ष आठवत नाही. तरी ते बाळ आपणच होतो, कारण आपल्या आईने ती आठवण जपली. आता पाळी उलटली आहे. आई विसरली, तर आठवण ठेवण्याचे काम लेकरांकडे आले.

यातून रोजच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. आजाऱ्याची परीक्षा घेणे थांबवावे. पाहुणे आले की आपण विचारतो, "आई, ओळखलंस का? सांग पाहू कोण?" बिचारी गोंधळते, लाजते, कधी चिडते. त्यापेक्षा आपणच सांगावे, "आई, मी तुझा धाकटा. नाशिकहून आलो." तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो आणि आपल्याही मनाला "मला ओळखले नाही" ही जखम रोज होत नाही.

वाद टाळा, कारण शोधा

संध्याकाळ झाली की अनेक आजारी बेचैन होतात. "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी जातात. चाळीस वर्षे त्याच घरात राहिलेली बाई तिन्हीसांजेला माहेरी जायला निघते. "हेच तुझं घर" असे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. एका लेकीने यावर उपाय शोधला. ती म्हणते, "जाऊ या. आधी चहा पिऊ." चहा पिताना माहेरची विहीर, भाऊ, केळीची वाडी असे बोलणे निघते आणि जाण्याचा विषय मागे पडतो. आईला खरे तर घर नको होते, धीर हवा होता.

"माझ्या बांगड्या सुनेनं चोरल्या" हा आरोपही नेहमीचा. तो सुनेच्या जिव्हारी लागतो. आजारी माणूस वस्तू कुठे तरी लपवून ठेवतो, ते विसरतो आणि मेंदू ती पोकळी भरून काढतो. अशा वेळी बाजू मांडत बसू नये. "चला, शोधू या" म्हणून सोबत शोधावे. घरातील इतरांनी, विशेषतः मुलाने, बायकोला सर्वांसमोर सांगावे की तुझ्यावर आमचा विश्वास आहे. एवढे एक वाक्य तिला महिनाभर पुरते.

स्वभावात अचानक बिघाड झाला, एक-दोन दिवसांत गोंधळ वाढला, तर आजार वाढला असे धरून स्वस्थ बसू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठ, दुखरा दात, पाणी कमी पिणे किंवा नवे औषध यांपैकी काहीतरी कारण असू शकते. आजाऱ्याला ते सांगता येत नाही, म्हणून तो ओरडतो. लगेच डॉक्टरांना दाखवावे. मात्र झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांनी गोंधळ वाढतो आणि पडून हाड मोडण्याचा धोका असतो.

घरातील काही व्यवस्था केल्या तर डोळ्यांत तेल घालून बसण्याचा ताण कमी होतो. रात्री गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. बाहेरच्या दाराला सहज हात पोचणार नाही अशा जागी जास्तीची कडी लावावी. वाडीत उघडी विहीर किंवा जवळ बावखल असेल तर कुंपण घालावे. आजाऱ्याच्या खिशात किंवा गळ्यात नाव व घरचा फोन नंबर असलेले कार्ड ठेवावे. न्हाणीघरात पकडायला दांडा आणि खाली न घसरणारी चटई असावी. शेजाऱ्यांना व नाक्यावरील दुकानदाराला आजाराची कल्पना द्यावी. बँकेचे व जमिनीचे व्यवहार आजार वाढण्याआधी वकिलाच्या सल्ल्याने मार्गी लावावेत.

आणि जे उरले आहे त्याचा उपयोग करावा. नव्या आठवणी आधी जातात, पण हातांची जुनी सवय आणि गाणी पुष्कळ काळ टिकतात. आम्ही पाहिले आहे, लेकीचे नाव न आठवणाऱ्या बायका जपमाळेचे मणी बरोबर सरकवतात, मोगऱ्याचा गजरा ओवतात, जुनी भक्तिगीते सुरात म्हणतात. लसूण सोलायला द्यावा, कपड्यांच्या घड्या घालायला द्याव्यात. घडी वाकडी झाली तरी चालेल. तेवढा अर्धा तास दोघांनाही शांततेचा मिळतो.

सांभाळणाऱ्याच्या थकव्याविषयी

आतापर्यंत आजाऱ्याविषयी बोललो. आता त्या सुनेविषयी बोलू.

अमेरिकेत १९८१ साली नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी अशा कुटुंबांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ आहे 'छत्तीस तासांचा दिवस'. सांभाळणाऱ्याचा दिवस तेवढा लांब असतो. बहुतेक घरांत हा दिवस एकाच बाईच्या वाट्याला येतो. कधी तो पुरुषाच्याही वाट्याला येतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ पत्नीला भरवतात, तिचे केस विंचरतात, स्वयंपाक शिकले आहेत. पण स्वतःची रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरतात.

ताण वाढत चालल्याच्या खुणा ओळखायला शिकले पाहिजे. झोप लागत नाही, किंवा लागली तरी थकवा जात नाही. लहानसहान गोष्टींवरून रडू येते. जेवणाची शुद्ध राहत नाही. मैत्रिणींचे फोन घ्यावेसे वाटत नाहीत. आजाऱ्यावर आवाज चढतो आणि मग रात्रभर मन खाते. कधीकधी मनात येते, "देवा, हिला आता ने." ज्यांच्या मनात असा विचार येऊन गेला आहे त्यांनी घाबरू नये. पुष्कळदा तो विचार द्वेषातून येत नाही, सोसण्याची सीमा झाल्यामुळे येतो. तो मनात दडपून ठेवण्यापेक्षा कोणाजवळ तरी बोलून टाकावा.

मात्र हात उगारावासा वाटला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. त्या क्षणी आजाऱ्याला सुरक्षित बसवावे, आपण खोलीबाहेर जावे, तोंडावर पाणी मारावे, कोणाला तरी फोन करावा. हे वारंवार घडत असेल, किंवा स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल, तर त्याच दिवशी मदत मागावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. या आजाराच्या कुटुंबांसाठी काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली.

एक दुःख असे आहे की त्याला नाव नसते. माणूस डोळ्यांसमोर आहे, जेवतो आहे, पण आपल्याशी बोलणारा तो राहिलेला नाही. मृत्यू झाला तर लोक भेटायला येतात, मिस्सा होते, महिन्याची मिस्सा होते. या दुःखात कोणी भेटायला येत नाही. म्हणून सांभाळणाऱ्याने अधूनमधून रडावे, त्यात अश्रद्धा नाही.

आमच्याकडे एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो, "रविवारची मिस्सा चुकते, पाप लागेल का?" नाही. आजाऱ्याला एकटे सोडता येत नाही, हे मिस्सा चुकण्याचे गंभीर आणि योग्य कारण आहे. दुसरा प्रश्न, "आईला सेवाश्रमात ठेवले तर पाप होईल का?" घरात कोणीच सांभाळू शकत नसेल, सांभाळणाराच आजारी पडला असेल, तर चांगली जागा पाहून ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. टाकणे तेव्हा होते, जेव्हा भेटायला जाणे थांबते.

भावंडांनो, एकदा एकत्र बसा

जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, आईवडिलांच्या सेवेविषयी शिकवण आहे. बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याला तुच्छ मानू नये, असा तिचा आशय आहे. ही आज्ञा सगळ्या लेकरांना आहे. जे लेकरू योगायोगाने घरी राहिले, त्या एकट्यालाच ती दिलेली नाही.

आमच्या पाहण्यात असे येते की परदेशातला मुलगा वर्षातून दहा दिवस येतो. त्या दहा दिवसांत आई नवी माणसे पाहून खुलते. मग तो म्हणतो, "आई तर बरी आहे. तुम्ही उगाच मोठं करून सांगता." घरच्या सुनेला हे शब्द जागरणापेक्षा जड जातात. अशा मुलाला आमची विनंती आहे. आलात की वहिनीला चार दिवस माहेरी पाठवा आणि चार रात्री आईच्या खोलीत स्वतः झोपा. मग काय ते बोला.

वर्षातून दोन वेळा सर्व भावंडांनी बसून तीन गोष्टी लिहून काढाव्यात : कामे कोणती, खर्च किती, आणि सुटी कोणाला कधी. जो जवळ नाही त्याने पैशाचा भार जास्त उचलावा, रात्रीसाठी मदतनीस बाई ठेवायची तर तिचा पगार द्यावा, रोज ठरलेल्या वेळी फोन करून आईशी बोलावे. औषधे आणि खर्च यांची एक वही घरात असावी. वही असली की संशयाला जागा राहत नाही. आणि सांभाळणाऱ्याला आठवड्यातून निदान अर्धा दिवस हक्काची सुटी असावी. ती लग्नकार्य निघाले तरच द्यायची अशी नसावी, ठरलेली असावी.

पाचवे स्थान

उपवासकाळात दर शुक्रवारी आपण क्रुसाची वाट करतो. पाचव्या स्थानापाशी कुरेनेचा शिमोन प्रभूचा क्रूस वाहायला मदत करतो. शिमोन स्वखुशीने आला नव्हता. शेतावरून येत होता, शिपायांनी धरला. तरी प्रभूने त्याची मदत नाकारली नाही. 'माझा क्रूस मी एकटाच वाहीन' असे देवाच्या पुत्राने म्हटले नाही. मग आपण आपल्या आयाबहिणींकडून ती अपेक्षा का करावी? "सहन करा" असे आम्ही फाटकात म्हणालो, तेव्हा शिमोनाची जागा आम्ही रिकामी सोडली होती. ती आमची चूक होती.

त्या प्रसंगानंतर आम्ही त्याच वाडीतील लहान ख्रिस्ती समूहात हा विषय काढला. दोन बहिणी पुढे आल्या. एक पहिल्या मिस्सेला जाते आणि दुसऱ्या मिस्सेच्या वेळी आजींजवळ बसते. पुढच्या रविवारी दुसरी. तीन आठवडे आजींना त्यांची सवय होईपर्यंत सून घरातच थांबली, मग बाहेर पडली. पहिल्या रविवारी ती देवळात शेवटच्या बाकावर बसली आणि आमच्या प्रवचनात चक्क झोपली. त्या दिवशीचे प्रवचन वाया गेले असे आम्हाला वाटले नाही.

आजी या वर्षी प्रभूघरी गेल्या. अखेरच्या महिन्यांत त्या बोलत नव्हत्या, पण सुनेचा हात मात्र धरून ठेवीत.

ज्यांच्या घरी असा आजारी आहे त्यांनी आपले नाव धर्मग्राम कार्यालयात निःसंकोच कळवावे. ज्यांना महिन्यातून एका रविवारी दीड तास देता येईल त्यांनीही कळवावे. फार कौशल्य लागत नाही. त्याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा हसून देता आले म्हणजे पुरे.

विचार व चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या शेजारी विसरणाऱ्या आजाऱ्याला सांभाळणारे कोण आहे? त्यांची आपली शेवटची भेट कधी झाली?
२. आपल्या घरी सेवेचा भार कोणावर पडला आहे? तो कसा वाटून घेता येईल?
३. "सहन करा" असे म्हणण्याऐवजी आपण कोणती एक गोष्ट प्रत्यक्ष करू शकतो?

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू